गट बदलण्याआधी मोटारीची नेमप्लेट वाचा

प्रश्न : मी पलूसजवळच्या एका गावचा. पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि ऑगस्टपासून अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातील एका मोठ्या राज्य विद्यापीठात एम.एस. करत आहे. वडिलांनी घर तारण ठेवून ४२ लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले आहे. ‘जगभरातील विद्यार्थ्यांबरोबर शिका’ असे माहितीपत्रकात छापले होते. प्रत्यक्षात वर्गातील ५८ जणांपैकी ३७ भारतीय आहेत आणि त्यांतही बहुतेक तेलुगू. डिझाइनच्या विषयात आम्हाला लहान पंपाची चाचणी घेणारा संच तयार करायचा आहे. त्यासाठी प्राध्यापकांनी गट पाडून दिले. माझ्या गटात एक चिनी विद्यार्थिनी, एक इराणी विद्यार्थी आणि सहा वर्षे नोकरी करून परत शिकायला आलेला एक अमेरिकन आहे. चिनी विद्यार्थिनी बैठकीत एक शब्द बोलत नाही आणि रात्री दोन वाजता सगळे काम एकटीने करून पाठवते. इराणी विद्यार्थी प्रत्येक सूत्र मुळापासून सिद्ध केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. अमेरिकन सहकारी ‘एवढे पुरे’ म्हणून पाचच्या ठोक्याला घरी जातो. पहिल्याच बैठकीत मी गणितात मोटारीचा वेग मिनिटाला २९०० फेऱ्या धरला, तेव्हा तो हसला आणि माझा आकडा खोडून त्याने ३४५० लिहिला. माझे तिन्ही मराठी रूममेट योगायोगाने एकाच गटात आले आहेत आणि त्यांचे निम्मे काम संपलेही आहे. प्राध्यापकांना सांगून मी त्यांच्या गटात जावे का? आणि ही विविधता फक्त माहितीपत्रकापुरतीच असते का?

उत्तर : तुम्ही थेट विचारले आहे, म्हणून थेट सांगतो. गट बदलू नका.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत अडकल्या आहेत. वर्गात विविधता नाही ही एक, आणि गटात ती फारच आहे ही दुसरी. पहिल्या तक्रारीत तुमचे बऱ्याच अंशी खरे आहे. दुसरीत मात्र ज्या गोष्टीसाठी तुमच्या वडिलांनी घर तारण ठेवले, तीच गोष्ट तुम्ही अडचण समजून परत करायला निघाला आहात.

पहिलीबद्दल आधी बोलू. राज्य विद्यापीठात एम.एस. करणारा परदेशी विद्यार्थी बहुधा पूर्ण फी भरतो, आणि तीही बाहेरच्यांसाठी असलेल्या चढ्या दराने, पीएच.डी. करणाऱ्याची फी मात्र बहुतेक वेळा माफ होते आणि त्याला संशोधन किंवा अध्यापन साहाय्यक म्हणून मानधन मिळते. विभागाचा बराचसा खर्च एम.एस.च्या फीतून निघत असल्यामुळे, ज्या देशातून कर्ज काढून का होईना पण फी भरणारे अर्ज सर्वाधिक येतात, त्या देशाची मुले वर्गात सर्वाधिक दिसतात. त्यातच शिक्षणानंतर १२ महिने काम करण्याची जी मुभा असते, ती विज्ञान, तंत्रज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या पदवीधरांना २०१६ च्या नियमानुसार आणखी २४ महिने वाढवून मिळते, आणि कर्ज फेडण्याचे गणित याच ३६ महिन्यांवर मांडले जाते. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, त्यांतले सुमारे १ लाख ९७ हजार पदव्युत्तर शिक्षण घेत होते, आणि २००८-०९ नंतर प्रथमच भारताने या मोजणीत चीनला मागे टाकले. तेव्हा तुमचा वर्ग कोणी ‘जगाचा नमुना’ म्हणून निवडलेला नाही. पैसा, व्हिसा आणि त्या त्या काळचे राजकारण यांतून तो तयार झालेला आहे.

हे आजचेच आहे असेही नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सर्वाधिक परदेशी विद्यार्थी इराणचे होते, नंतर तैवानची मुले लोंढ्याने आली. चीनने १९७८ च्या डिसेंबरात ५२ अभ्यासकांची पहिली तुकडी पाठवली आणि पुढच्या काळात बहुतेक प्रयोगशाळांचा चेहरा बदलून टाकला. मी स्वतः १९८४ साली गेलो, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत सहांपैकी तिघे तैवानचे होते, आणि मंदारिन कळत नाही म्हणून मी एकटा पडलो आहे अशी पत्रे मी घरी लिहीत असे. आज तुमच्या वर्गातली एखादी चिनी मुलगी ‘इथे सगळे भारतीयच आहेत’ असे घरी सांगत असेल. (पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत दाखल झाले, तेव्हा त्यांना पोळ्यांची पाळी लावायला रूममेट कुठून मिळणार होते, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.)

‘बहुतेक तेलुगू’ हे शब्द तुम्ही ज्या सुरात लिहिले आहेत, त्याबद्दल मात्र एक वाक्य बोलतो. गुंटूरच्या मुलाचा अभ्यासक्रम, त्याची भाषा, त्याच्या घरचे कर्ज आणि त्याच्या गावचा कालवा यांतले तुम्हाला काय ठाऊक आहे? त्या ३७ जणांना तुम्ही एका टोपलीत टाकले आहे, आणि अमेरिकन विद्यार्थी नेमक्या त्याच टोपलीत तुम्हालाही टाकतात.

आता २९०० आणि ३४५० यांकडे वळतो, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यांत मोलाचा मजकूर तोच आहे आणि तुम्ही तो अपमान म्हणून एका वाक्यात उरकला आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दोन पोलच्या मोटारीचा समकालिक वेग मिनिटाला ३००० फेऱ्यांचा आणि स्लिप (मोटार चालताना वेगात होणारी घट) वजा जाता प्रत्यक्षातला २९०० च्या आसपास असतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे हेच आकडे ३६०० आणि ३४५० होतात. पलूसच्या मुलाला २९०० हा आकडा कोणी शिकवावा लागत नाही. विहिरीवरच्या मोटारीवर, किर्लोस्करवाडीच्या परिसरातल्या प्रत्येक दुकानात तो पाहतच तो मोठा होतो. म्हणूनच तो आकडा ‘धरलेला’ आहे हेच त्याच्या लक्षात येत नाही. तोच इंपेलर (पंपातले फिरते चाक) २९०० ऐवजी ३४५० ने फिरला, तर प्रवाह सुमारे १९ टक्क्यांनी, हेड (पंप पाणी चढवतो ती उंची) सुमारे ४१ टक्क्यांनी आणि लागणारी शक्ती जवळजवळ ६८ टक्क्यांनी वाढते. तुमच्या आकड्यावर प्रवाहमापक आणि दाबाचे गेज घेतले असते, तर पहिल्याच चाचणीत काटा पट्टीबाहेर गेला असता. सहकाऱ्याने हसायला नको होते. पण आकडा त्याने बरोबर खोडला.

मात्र त्याच्याही डोक्यात असे ‘न धरता धरलेले’ आकडे आहेत, आणि ते खोडायला तुमच्या गटात तुमच्याशिवाय कोणी नाही. त्याच्या संचात व्होल्टेज स्थिर आहे, पाणी नळाचे आणि स्वच्छ आहे, टाकी पंपाशेजारी भरलेली उभी आहे. कृष्णाकाठी यांतले एकही गृहीतक टिकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात नदी खाली जाते आणि सक्शनची (पाणी ओढून घेण्याची) उंची वाढते, पाइपच्या तळाच्या फुटव्हॉल्वमध्ये पालापाचोळा अडकून पंप हवा घेतो, रात्रीच्या लाइटीला व्होल्टेज पडले की मोटार तापून जळते आणि सकाळी रिवाइंडिंगवाल्याकडे रांग लागते. चाचणीच्या संचात सक्शनच्या बाजूला एक झडप बसवून, ती हळूहळू बंद करत पंप कोणत्या क्षणी पोकळ आवाज करू लागतो हे मोजायची सोय केली, तर तो संच नुसत्या कॅटलॉगचा आलेख पुन्हा काढून दाखवण्याच्या पलीकडे जाईल. ही सूचना बैठकीत कोणी केली आहे का? तुमच्या पत्रात ती नाही. इतरांकडून विविधता किती मिळते याचा हिशोब तुम्ही मांडला आहे, पण तुम्ही स्वतः आपली किती बाहेर काढली, ते लिहिलेले नाही.

माझ्या बाबतीत हाच धडा एका ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याने दिला. पहिल्या सत्रात मी एका लहान मॅनिफोल्डचे ड्रॉइंग काढून विभागाच्या वर्कशॉपमध्ये दिले. आपल्याकडे शिकवतात त्याप्रमाणे ते फर्स्ट अँगल पद्धतीचे होते, म्हणजे उजव्या बाजूने दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या डावीकडे काढलेले. अमेरिकेत थर्ड अँगल चालते, तिथे उजवे दृश्य उजवीकडेच काढतात. वर्कशॉपमधल्या वयस्क मिस्त्रीने माझे ड्रॉइंग आपल्या सवयीने वाचले आणि सगळी भोके ठोकळ्याच्या उलट्या बाजूला पाडून दिली. प्रत्येक माप अचूक होते, तरी तुकडा निरुपयोगी ठरला. त्याने मला ओरडण्याऐवजी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बोट ठेवले, जिथे छेदलेल्या शंकूचे छोटे चिन्ह असायला हवे होते आणि मी ते काढलेच नव्हते. ते चिन्ह मी पुण्यात परीक्षेला दोन गुणांसाठी पाठ केले होते. ते कोणासाठी असते, हे मला त्या दिवशी कळले : आपल्याहून वेगळ्या पद्धतीने वाचणारा माणूस समोर असेल, तेव्हाच त्याची गरज पडते.

आता तुमच्या तिघा सहकाऱ्यांकडे याच नजरेने पाहा. ‘चिनी म्हणून गप्प, इराणी म्हणून हट्टी, अमेरिकन म्हणून निवांत’ अशी विभागणी करणे सोपे आहे आणि बहुतेक वेळा चुकीचे. मला या चौघांत वेगळीच गोष्ट दिसते : काम ‘झाले’ कधी म्हणायचे, याचे चार वेगवेगळे अर्थ घेऊन चौघे एका टेबलाशी बसले आहेत. एकीला ते निर्दोष लिहून झाल्यावर झालेले वाटते, दुसऱ्याला मुळापासून पटल्यावर, तिसऱ्याला वापरापुरते चालू लागल्यावर. आणि आपल्याला? आपल्याला जर्नलवर सही होऊन सबमिशन सुटल्यावर. राग मानू नका. काचेखाली दिवा लावून दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून जीटी मारलेल्या (गिरवून उतरवलेल्या) शीट मीही सर्टिफाय करून घेतल्या आहेत.

इराणी सहकाऱ्याच्या हट्टाचे उदाहरण घ्या. पंपाचे हेड काढताना डिलिव्हरी आणि सक्शनच्या गेजांतला फरक घ्यायचा, हे आपण पाठ केलेले असते. पण दोन्ही पाइपांचा व्यास वेगळा असेल किंवा दोन गेज वेगवेगळ्या उंचीवर बसवलेले असतील, तर वेगाचे हेड आणि उंचीतला फरक धरल्याशिवाय उत्तर चुकते. सूत्र कुठून आले हे विचारणारा माणूस गटात असेल, तर ही चूक संच बांधण्याआधी सापडते. त्याला सगळ्याच कामात मुळाशी जाऊ देऊ नका; मापनातील अनिश्चितता आणि कॅलिब्रेशन हा भाग पूर्णपणे त्याच्याकडे सोपवा, म्हणजे त्याचा स्वभाव गटाच्या कामी येईल. आणि तो रात्री अकरापर्यंत प्रयोगशाळेत का बसतो, असा प्रश्न पडला तर हेही लक्षात असू द्या की अनेक वर्षे इराणी विद्यार्थ्यांना बहुधा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा मिळत असे. एकदा आलेला विद्यार्थी पदवी हातात पडेपर्यंत आई-वडिलांना भेटायला जाण्याचा धोका पत्करत नाही. तुम्ही दिवाळीला तिकिटाचे दर तरी पाहू शकता.

चिनी विद्यार्थिनीच्या बाबतीत मला वेगळीच शंका आहे. तुमच्या बैठकीत तीन तऱ्हेचे इंग्रजी एकाच वेळी चालते, आणि त्यांतले सर्वांत वेगवान बहुधा तुमचे असेल. आपले इंग्रजी आपल्याला स्वच्छ वाटते, कारण ते आपणच बोलत असतो. परदेशी साहाय्यकांचे उच्चार कळत नाहीत, या पदवीच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींवरून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी कायदे केले, पेनसिल्वेनियाने १९९० मध्ये. पुढे तुम्हालाही अध्यापन साहाय्यकाचे काम मिळाले, तर बोलण्याची चाचणी द्यावी लागण्याची शक्यता आहे. तेव्हा आत्तापासूनच सवय बदला. बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी लिहून पाठवा, बैठकीची पहिली पाच मिनिटे चौघांनी न बोलता आपापले मत लिहायचे असे ठरवा, आणि मग वाचून दाखवायला तिच्यापासून सुरुवात करा. रात्री दोनला ती जे पाठवते, ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून तपासा. न तपासता स्वीकारलेले काम म्हणजे तिच्यावरचा विश्वास नव्हे, तो आपला आळस आहे.

अमेरिकन सहकाऱ्याच्या ‘एवढे पुरे’ या शब्दांचा तुम्हाला राग आला आहे. सहा वर्षे कारखान्यात घालवलेल्या माणसाला कोणत्या मापात अचूकता विकत घ्यायची आणि कोणत्या मापात सोडून द्यायची, हे अंगवळणी पडलेले असते, आणि हे वर्गात शिकवता येत नाही. त्याला एकदा शांतपणे विचारा की नेमके किती म्हणजे पुरे, आणि का. उत्तर आकड्यात मागा. पाच वाजता तो कुठे जातो हेही कधीतरी विचारा. कदाचित पाळणाघर सहाला बंद होत असेल. बैठक चार वाजता ठेवली, तर निम्मी अडचण तिथेच मिटेल.

प्राध्यापकांकडे जरूर जा, पण गट बदलून मागायला नको. त्यांच्या भेटीच्या वेळेत जाऊन विचारा की गुण देताना गटाच्या निर्णयांची नोंद पाहिली जाते का, आणि नसेल तर आमची पाहाल का. गटाने एक पान तयार करावे आणि प्रत्येक बैठकीत ते वाढवत न्यावे : वारंवारता किती धरली, एकके कोणती, ड्रॉइंग कोणत्या अँगलचे, पाण्याचे तापमान किती, संच वापरणारा माणूस कोण, आणि काम झाले असे कोणत्या मोजमापावरून म्हणायचे. प्रत्येक ओळीपुढे ते कोणी सुचवले आणि कोणी तपासले ते लिहा, आणि जो सुचवेल त्याने स्वतः तपासायचे नाही, हा एकच नियम ठेवा. हे कंटाळवाणे आहे. पण नुसते चार देशांचे चारजण एकत्र बसवल्याने कोणीच काही शिकत नाही, उलट एकमेकांबद्दलचे ग्रह घट्ट होतात. ती चार डोकी एकमेकांच्या कामावर चालू लागली, तरच काही निघते. बहुतेक विद्यापीठे गट पाडून देतात आणि पुढचे मुलांवर सोडतात, हा दोष मात्र त्यांचाच आहे आणि तो माहितीपत्रकात छापत नाहीत.

एक व्यावहारिक सावधगिरीही सांगतो. पुढच्या सत्रात एखाद्या संरक्षणविषयक कंपनीने पुरस्कृत केलेला प्रकल्प समोर आला, तर त्यात नागरिकत्वाची अट असू शकते, आणि त्यात कोणाचा वैयक्तिक दुजाभाव नसतो. १९८५ च्या राष्ट्रीय सुरक्षा निर्देशानुसार मूलभूत संशोधन शक्य तितके खुले ठेवायचे असे अमेरिकेचे धोरण आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांनी भरलेल्या प्रयोगशाळा त्याच आधारावर चालतात. त्या चौकटीबाहेरचे काम निवडण्याआधी विभागात चौकशी करून घ्या.

राहता राहिले रूममेट. त्यांचे निम्मे काम लवकर झाले यात नवल नाही. तिघांनी एकाच पद्धतीचा अभ्यासक्रम केला असेल तर २९०० हा आकडा तिघांनाही बरोबरच वाटतो आणि वादाला जागा राहत नाही. त्यांनी तो कोणता धरला आहे, हे आज रात्री जेवताना सहज विचारून पाहा. पण त्यांच्यापासून तुटू नका. कर्जाच्या हप्त्याची काळजी, घरची आठवण, वरण-भात आणि आईशी फोनवर बोलून झाल्यावरची ती दहा मिनिटे यांसाठी आपल्या भाषेतली माणसे लागतातच, आणि परक्या देशात ती मिळाली हे तुमचे भाग्य आहे. गृहपाठ मात्र त्या टेबलावर करू नका. मित्राच्या वहीत पाहून लिहिणे ही आपल्याकडे मदत समजली जाते. तिथे त्यावरून रीतसर चौकशी होऊ शकते.

पुढच्या बैठकीआधी प्रयोगशाळेत जा आणि तुम्हाला मिळालेल्या पंपाच्या मोटारीच्या नेमप्लेटचा फोटो काढा. वेग, व्होल्टेज, हर्ट्झ, फेज, सगळे त्यावर असते. काकांच्या विहिरीवरच्या मोटारीच्या नेमप्लेटचा फोटोही व्हॉट्सॲपवर मागवून घ्या, गंजलेली असली तरी चालेल. दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अमेरिकन सहकाऱ्याला सांगा की हा दुसरा पंप आपल्या संचावर तपासायचा झाला, तर संचात काय काय बदलावे लागेल, याची यादी आज आपण चौघे मिळून करू.